काळी चारची मुलगी, ऑपेरातली भूमिका: मिमी, मुझेत्ता की कार्मेन?

पेटीवाले_माटुंगा

नमस्कार मंडळी, एका विद्यार्थिनीसाठी जाणकारांचं मत हवंय.

वय २४. आठ वर्षं ख्याल, पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा). तीन वर्षांपासून पाश्चात्त्य पद्धतीचं गाणंही शिकते. मार्चमध्ये फोर्टातल्या दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात पियानोच्या साथीवर ऑपेरातले प्रवेश होणार आहेत. पुच्चिनीच्या 'ला बोएम'चा तिसरा अंक (मिमी आणि मुझेत्ता त्यातल्याच) आणि बिझेच्या 'कार्मेन'मधले काही तुकडे. मायक्रोफोन नाही.

तिचा आवाज मध्य सप्तकात भरदार आणि गडद आहे, खर्जही चांगला. खाली एफ३ पर्यंत सहज जाते (पाश्चात्त्य खुणेत अक्षर म्हणजे सूर, आकडा म्हणजे सप्तक). वर बी५ लागतो, पण डी५-ई५ च्या पुढे आवाज एकदम बारीक होतो, दुसऱ्याच कुणाचा वाटावा इतका. तिच्या शिक्षिका म्हणतात ही मेझो (मधल्या पट्ट्यातला गडद स्त्री-आवाज) आहे, कार्मेन द्या. दिग्दर्शकाला ती मुझेत्ता म्हणून हवी आहे, कारण रंगमंचावर तिचा वावर ठसकेबाज आहे. तिला स्वतःला मिमी गायची आहे.

आवाजाच्या पोतावरून भूमिका ठरवायची तर नेमकं काय ऐकायचं? तिघांचीही कारणं पटण्यासारखी आहेत, म्हणून अडलंय.

---

गिरगाव_सोप्रानो

पेटीवाले, तुम्ही पट्टी सांगितलीत हे फार बरं केलंत. अर्धं उत्तर तिथेच आहे.

काळी चारचा मध्य षड्ज म्हणजे जी शार्प३. तिचा मध्य पंचम येतो डी शार्प४ वर आणि धैवत एफ४ वर. पाश्चात्त्य पद्धतीच्या स्त्री-आवाजात छातीचा लगाव (आवाज लावायची जड पद्धत) सोडून डोक्याच्या, हलक्या लगावाकडे वळायची पहिली जागा साधारण इथेच असते. ख्यालात ही मुलगी त्या जागेवर वळतच नाही. छातीचं वजन घेऊन ती तार षड्ज ओलांडते, तार गंधारापर्यंत जाते (तो सी५) आणि तार पंचमापर्यंतही रेटत असेल (तो डी शार्प५). ख्यालासाठी ते योग्यच आहे, आवाजाला तिथे तो कस हवाच असतो. पण ऑपेराच्या कानाने ऐकलं की हेच वजन 'गडद पोत' म्हणून ऐकू येतं. मग डी५-ई५ च्या आसपास ते वजन पेलेनासं होतं, ती ते अचानक सोडते आणि आवाज बारीक होतो. तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. खऱ्या मेझोचा आवाज त्या जागेवर असा तुटून दुसऱ्याचा होत नाही. हा जड केलेला आवाज असण्याची शक्यता जास्त आहे. तो मुळात जड असेलच असं नाही.

खालचा एफ३ लागतो म्हणून मेझो, हे तर सोडूनच द्या. कुठवर पोचतो यावरून आवाजाची जात ठरत नाही, कुठे राहू शकतो यावरून ठरते. मोझार्टच्या 'फिगारो'त सुझानाच्या शेवटच्या अंकातल्या गाण्यात सूर ए३ पर्यंत खाली उतरतो, पण सुझाना सोप्रानोच (सर्वात चढ्या स्त्री-आवाजाच्या गायिका) गातात.

भूमिकेचं कुठलंही गाणं हातात न घेता आधी तपासणी करा. तिने दहा मिनिटं ओठ फडफडवत आवाज मोकळा केला की 'आ'कारात सा रे ग म प म ग रे सा, मध्यम आवाजात. सुरुवातीचा सा पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक (सी४), मग अर्ध्या अर्ध्या सुराने वर. कोणता सूर चालू आहे ते तिला सांगू नका, पेटीकडे पाठ करून उभी करा. ऐकणाऱ्याने सहा-सात मीटर लांब बसायचं, जवळून सगळेच आवाज मोठे वाटतात. आवाज स्वतःहून कुठे वळायला बघतो ते लिहून ठेवा. वरचं वळण एफ शार्प५ च्या आसपास असेल तर लिरिक सोप्रानोचा अंदाज धरा. ई५ पाशीच असेल तर मेझोची शंका घ्यायला जागा आहे. अर्ध्या सुराचा फरक दिवसागणिक पडतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशी पुन्हा ऐका, आणि ख्यालाचा रियाज झाल्यावर लगेच ही तपासणी करू नका.

मग उलटा प्रवास. 'ऊ'कारात ए५ वरून हळू आवाजात एकेक सूर खाली, सी४ पर्यंत, छातीचा लगाव न घेता. मधल्या सप्तकात आल्यावरही रंग गडदच राहिला तर तो तिचा स्वतःचा रंग. उजळ झाला, तर इतके दिवस आपण लगावाचं वजन ऐकत होतो.

अजून एक गोष्ट. जीभ बाहेर काढून खालच्या ओठावर ठेवायला सांगा आणि तसाच 'आ' लावायला सांगा. रंग खूपच बदलला तर गडदपणा जिभेचं मूळ मागे दाबून आलेला आहे. हनुवटीखाली अंगठा ठेवला की तो दाब हाताला कळतो. असा बनवलेला घुमारा जवळून भारदस्त वाटतो आणि दहाव्या रांगेत पोचत नाही.

शेवटी मुक्कामाची परीक्षा. कोणताही इटालियन मजकूर डी५ ते एफ५ या पट्ट्यात दहा मिनिटं म्हणवून घ्या, मध्ये विश्रांती देत. नंतर लगेच ई५ अगदी हळू लावायला सांगा. हळू लागत नसेल, किंवा बोलण्याचा आवाज घोगरा झाला असेल, तर तो पट्टा आज तिच्यासाठी जड आहे. मग मिमी आणि मुझेत्ता दोन्ही आत्ता नकोत.

---

पिटमधला_क्लॅरिनेट

वरचं सगळं मान्य. पण पोताचा विचार आवाजापाशीच थांबवू नका, समोर काय वाजतंय तेही धरा.

'फिगारो'च्या वाद्यवृंदात बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, हॉर्न, ट्रंपेट प्रत्येकी दोन, टिंपनी आणि तंतुवाद्यं. 'ला बोएम'मध्ये चार हॉर्न, तीन ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन, त्याखाली बास ट्रॉम्बोन, हार्प, बास क्लॅरिनेट. शिवाय पुच्चिनी गायिकेची चालच तंतुवाद्यांना बरोबरीने वाजवायला देतो. ऐकायला फार सुंदर, पण गायिकेला त्या सुरावटीतून वेगळं ऐकू यायचं असतं. वाद्यवृंदाचा सर्वात जास्त जोर ४५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जाताना तो उतरत जातो. पुरुषांच्या आणि खालच्या स्त्री-आवाजांत कसलेला गायक ३००० हर्ट्झच्या आसपास ध्वनीचा एक पुंजका तयार करतो. त्या जागी वाद्यं कमी जोराची, म्हणून आवाज त्यांच्या वरून निघून येतो. ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी हे मोजून दाखवलं आहे. आपण ज्याला आवाजाची धार म्हणतो तिचा मोठा भाग तिथे असतो.

सोप्रानोचं वरच्या सप्तकातलं गणित वेगळं. ए५ म्हणजे ८८० हर्ट्झ, मूळ सूरच इतका वर की त्याचा पुढचा अंश (त्याच सुरात मिसळलेला वरचा सूर) १७६०, त्यानंतरचा २६४०. अंशच विरळ, पुंजका कशाचा करणार? तिथे जबडा मोकळा सोडून तोंडाच्या पोकळीची पहिली गुंज (ती ज्या सुराला आपोआप घुमते तो) त्या मूळ सुरावर आणावी लागते. म्हणूनच वर 'ई' किंवा 'ऊ' शुद्ध ठेवायला गेलं की आवाज आवळतो आणि बारीक होतो. 'ई'ची पहिली गुंज ३०० हर्ट्झच्या आसपास, आणि एफ५ हा सूर जवळजवळ ७००. मेळ बसणार कसा? तुमच्या मुलीचं बारीक होणं कोणत्या स्वरावर जास्त होतं ते बघा. 'आ'वर कमी आणि 'ई'वर जास्त होत असेल तर त्यातला काही भाग जबड्याचा आहे, जातीचा नाही.

आता सभागृह. दीडशे खुर्च्या आणि पियानो म्हणजे आवाजावर भार जवळजवळ नाहीच. त्या खोलीत तिन्ही भूमिका जमतील. पण 'मिमी जमली' हा निष्कर्ष तिथून रॉयल ऑपेरा हाऊसच्या पावणेसहाशे खुर्च्यांत नेऊ नका, आणि एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात, जिथे अकराशेच्या वर खुर्च्या आणि पिटमध्ये (रंगमंचापुढच्या खड्ड्यात) पूर्ण वाद्यवृंद, तिथे तर अजिबात नाही. पियानोचं झाकण पूर्ण बंद ठेवून निर्णय घेऊ नका, छोट्या काठीवर तरी उघडा, म्हणजे थोडा प्रतिकार मिळेल.

ध्वनिमुद्रणांवरूनही ठरवू नका. प्रसिद्ध सोप्रानो मारिया कॅलस यांनी मिमीही ध्वनिमुद्रित केली आणि १९६४ साली कार्मेनही, पण रंगमंचावर दोन्ही कधी गायल्या नाहीत. व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस या लिरिक सोप्रानो, वाद्यवृंद-संचालक बीचम यांच्याबरोबर त्यांची मिमी आहे आणि कार्मेनही आहे, दोन्ही अप्रतिम. मायक्रोफोन तोंडासमोर असला की वजनाचा प्रश्न उरतच नाही, फक्त रंग उरतो.

---

नाट्यपद_दादर

पेटीवाले, एक मूलभूत फरक आधी लक्षात घ्या, कारण आपल्याकडची माणसं इथेच फसतात. संगीत नाटकात पद नटाच्या पट्टीत जातं. १९२१ मध्ये मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं तेव्हा भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. दोघांच्या आवाजांची जातकुळी वेगळी, केशवरावांचा आवाज चढा. तिथे ऑर्गनवाल्याने ज्याची त्याची पट्टी धरायची, भूमिकेचा पोत गायकाच्या आवाजातून येणार. प्रेक्षकही भामिनीचा म्हणून ठरावीक आवाज मनात धरून येत नव्हता, तो गंधर्वांचा आवाज ऐकायला येत होता.

ऑपेरात पट्टी छापलेली असते. मैफिलीत एखादं गाणं अर्धा सूर खाली घेतात, पण अख्ख्या अंकात ते करता येत नाही, पुढचा प्रवेश त्याच सुरावरून सुरू होतो आणि वाद्यवृंदाच्या वह्या तशाच लिहिलेल्या असतात. त्यामुळे 'हिला जमेल तिथून गाऊ दे' हा आपला सहज तोडगा तिथे चालत नाही. लिहिलेला मुक्काम आणि तिचा मुक्काम एकच आहे का, एवढंच बघायचं.

मराठी मुलीला एक मोठा फायदा आहे. इटालियनचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे आणि अल्पप्राण. तिला ते शिकवावे लागणार नाहीत. धोका आहे आपल्या 'अ'चा. इटालियनमध्ये तो ऱ्हस्व 'अ' नाहीच. शब्दाच्या शेवटचा 'आ' आपल्या तोंडी नकळत 'अ' होतो आणि ओळीच्या शेवटी सूर मिटतो. ऐकणाऱ्याला वाटतं आवाजच धूसर आहे. जोडाक्षरं मात्र पूर्ण द्या: 'मुझेत्ता', 'कुफ्फ्येत्ता'. मिमी आपल्या गुलाबी टोपीला 'कुफ्फ्येत्ता' म्हणते आणि त्या ठिकाणी 'त्त' नीट थांबला नाही तर ओळीची लय सुटते.

---

पेटीवाले_माटुंगा

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी तपासणी केली. वरचं वळण एफ५ आणि एफ शार्प५ च्या मध्ये पडतं. 'ऊ'वर वरून खाली आणलं तर मधला आवाज बराच उजळतो, पण अगदी पातळ होत नाही, थोडी ऊब राहते. जीभ बाहेर काढल्यावरही रंग बदलला, मध्यम प्रमाणात. 'ई'वर बारीक होणं 'आ'पेक्षा नक्कीच जास्त. डी५ ते एफ५ मध्ये दहा मिनिटांनंतर हळू ई५ लागला, जरा हवा मिसळलेला.

म्हणजे मेझो नाही असं धरू का? आणि मग मिमी की मुझेत्ता?

---

गिरगाव_सोप्रानो

मेझो नाही असं मी धरेन. थोडी ऊब असलेली लिरिक सोप्रानो, अजून घडायची आहे. हबानेरावरून (कार्मेनच्या पहिल्या अंकातल्या प्रसिद्ध गाण्यावरून) कार्मेनचा अंदाज घेतला असेल तर तो फसवाच. हबानेरा डी४ ते एफ शार्प५ मध्ये संपते, जवळजवळ कुणीही स्त्री ती गाऊ शकते. कार्मेनची खरी परीक्षा तिसऱ्या अंकातल्या पत्त्यांच्या प्रवेशात आहे. पत्त्यांत स्वतःचं मरण दिसल्यावर ती खालच्या-मधल्या पट्ट्यात संथपणे गाते, आणि तिथे छातीचा कस लावून ओढायला गेलं की आवाज जड होतो आणि थकतो. सोप्रानोने ते गायलं की खालचे सूर दाबून काढावे लागतात. तुमच्या मुलीला हे दाबणं ख्यालामुळे इतकं सोपं जाईल की चुकतंय हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून कार्मेन तिच्यासाठी तिन्हींत सगळ्यात धोक्याची. आत्ता सुटत चाललेली सवय त्या भूमिकेने पुन्हा पक्की होईल.

आता मिमी आणि मुझेत्ता. इथे 'गोड आवाज मिमी, ठसकेदार आवाज मुझेत्ता' असं करतात. ते अर्धंच खरं आहे. दुसऱ्या अंकातल्या वॉल्ट्झमध्ये मुझेत्ताला चमक हवी, वर बी५ आहे आणि सबंध कॅफेच्या गलक्यावरून आवाज निघायला हवा. पण चौथ्या अंकात तीच मुझेत्ता मिमीसाठी जवळजवळ पुटपुटत प्रार्थना करते, तिथे चमक लावली तर प्रसंग मरतो. मिमीचंही तसंच. पहिल्या अंकात ती साधी, बोलल्यासारखी, मधल्या पट्ट्यात. वसंताच्या पहिल्या उन्हाची ओळ आली की ए५ पर्यंत एका श्वासाच्या लाटेत चढते. तो चढ पातळ आवाजाला झेपत नाही आणि जड आवाजाला उमलवता येत नाही. मिमीसाठी मधल्या सप्तकातली ऊब लागतेच, ती नसली की उरतो फक्त गोडवा.

तुमचा अंक तिसरा आहे, तेव्हा तेवढ्यावर बोलू. मिमी आल्या आल्या मार्चेल्लोपाशी (तिचा प्रियकर रोदोल्फो याच्या मित्रापाशी) मदत मागते, तो भाग आवेगाचा आणि दाट. इथे नवख्या गायिका सगळं वजन खर्च करून बसतात. मग ती लपून ऐकते, आणि नंतर 'दोंदे लिएता उशी', निरोपाचं गाणं. सुरुवात हळू, घरी ठेवलेल्या वस्तूंची यादी, उशीखालची गुलाबी टोपी, आणि 'हवी असेल तर आठवण म्हणून ठेव' या ओळीत सूर बी फ्लॅट५ वर जातो. काळी चारच्या हिशेबात तो अतितार सप्तकातला शुद्ध रिषभ. लगेच पुन्हा खाली, हळू, 'राग न ठेवता निरोप'. अवघड सूर तो वरचा नाही. अवघड आहे तिथून उतरल्यावरचा शांत सूर, कारण वर छातीचं वजन नेलं असेल तर खाली आल्यावर आवाज हलतो. ती हे गाणं गाताना वरच्या सुरापेक्षा त्यानंतरची ओळ ऐका. स्थिर असेल तर मिमी.

आणि हो, शेवटच्या चौकडीत (चौघांच्या एकत्र गाण्यात) मिमी-रोदोल्फो लांब ओळींत वसंतापर्यंत एकत्र राहायचं ठरवतात आणि त्याच वेळी मुझेत्ता-मार्चेल्लो तुटक शब्दांत भांडतात. कानाला दोन्ही बायका वेगळ्या ऐकू यायला हव्यात. म्हणून भूमिका एकटीच्या पोतावर देता येत नाही, शेजारी कोण उभी आहे तेही ऐकावं लागतं. दुसरी सोप्रानो तुमच्या मुलीहून उजळ आणि धारदार असेल तर हिला मिमी. तीही उबदार असेल, तर त्यातल्या त्यात जिचं शब्दोच्चारण चपळ तिला मुझेत्ता.

---

पिटमधला_क्लॅरिनेट

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्टच मांडतो. चोवीस वर्षांच्या, तीन वर्षं शिकलेल्या आवाजाने पुच्चिनीचा अख्खा अंक घेऊ नये. हळू ई५ वर हवा मिसळते आहे, म्हणजे स्वरतंतू तिथे अजून नीट मिटत नाहीत. पुच्चिनीची आवेगाची वळणं या अवस्थेत जोर करायला शिकवतात.

तुमच्या कार्यक्रमात 'कार्मेन' आहेच, आणि त्यातली मिकाएला कुणाच्याच डोक्यात आली नाही याचं नवल वाटतं. तिसऱ्या अंकातलं तिचं गाणं, 'ज दि क रियँ न मेपुव्हांत', ई फ्लॅट मेजरमध्ये, लांब ओळी, मधला वेगवान भाग, वर बी५. घाबरलेली मुलगी धीर गोळा करते आहे. लिरिक सोप्रानोसाठीच लिहिलेलं, ऊब हवी, वजन नको. हिच्यासाठी नेमकं. मूळ साथीत सुरुवातीला हॉर्न आहेत, त्यांचा लांब आधार पियानोवर मिळत नाही, सूर लगेच विरतो. म्हणून पियानोवाल्याला सांगा की पहिला भाग ओढू नका, नाहीतर तिचा दमसास अर्ध्यात संपेल. अनुनासिक स्वरांत ती नाकात जाणार नाही एवढं बघा; फ्रेंच 'आँ' तोंडातच मोठा ठेवून शेवटी किंचित नाकाकडे झुकवायचा.

मिमीचं निरोपाचं गाणं तेवढं वेगळं म्हणून शिकवायला माझी हरकत नाही. अंक नको.

---

गिरगाव_सोप्रानो

मिकाएला उत्तम सुचवलीत, माझ्या लक्षात यायला हवी होती. अंकाबद्दल मात्र मी इतकी कडक राहणार नाही. पियानो आहे, दीडशे खुर्च्या आहेत, आणि तिसरा अंक अर्ध्या तासाच्या आत संपतो. अट एकच, मार्चेल्लोबरोबरचा प्रवेश तालमीत पूर्ण आवाजात आठवड्यातून एकदाच. बाकीच्या वेळी अर्ध्या आवाजात, ओळी खालच्या सप्तकात न उतरवता. खाली उतरवून सराव केला की छातीचा लगाव परत येतो.

---

नाट्यपद_दादर

ख्यालाचं काय करायचं हे कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. बंद करू नका. फक्त एकाच दिवशी आधी तार पंचमापर्यंतच्या ताना आणि मग बी फ्लॅट असं करू नका. ज्या दिवशी ऑपेराची तालीम त्या दिवशी सकाळी खर्ज आणि मध्य सप्तकातली आलापी तेवढी, तार षड्जाच्या वर नाही. एसी सभागृहात तालीम असेल तर घसा कोरडा पडतो, तासभर आधीपासून थोडं थोडं पाणी. गाण्याच्या मध्ये घोट घेऊन फारसा उपयोग होत नाही.

---

पेटीवाले_माटुंगा

दिग्दर्शकांशी बोललो. मिकाएलाचं गाणं पक्कं झालं. बोएमसाठी दुसऱ्या सोप्रानोला या शनिवारी बोलावतोय, दोघींना आलटून पालटून दोन्ही भूमिकांत ऐकू. चौकडी सोडून आणखी काय गाऊन घ्यावं?

---

गिरगाव_सोप्रानो

चौकडीआधी दोघींकडून एकच ओळ घ्या, 'अद्दिओ, सेंत्सा रांकोर' (तीच 'राग न ठेवता निरोप'), हळू आवाजात, शेवटच्या रांगेत बसून. मग मुझेत्ताची भांडणाची वाक्यं, तीही दोघींकडून, पियानो वाजत असताना. शब्द शेवटच्या रांगेत कळतात का, एवढंच लिहा. आवाज कोणाचा मोठा आहे ते लिहू नका, त्या सभागृहात ते कळणारच नाही. तुमची विद्यार्थिनी दुसऱ्या क्रमांकाला गाऊ दे. आधी दुसरीला ऐकून तिचा रंग हिने नकळत उचलला तर तेही तिथेच दिसेल, आणि तसं झालं तर तालमीत दोघींना एकमेकींपासून लांब उभं करावं लागेल.